विक्रांतवर उतरलेला पहिला भारतीय जेट वैमानिक



नौदल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बोटी येतात, विमानं नाहीत. आज ओळख करून देतोय अशा एका माणसाची, ज्याने विमान चालवता चालवता थेट नौदलप्रमुखपद गाठलं : ॲडमिरल राधाकृष्ण हरिराम ताहिलियानी. जन्म १९३० सालचा, सिंधमधला.

मार्च १९६१ मध्ये बेलफास्टला 'विक्रांत' आपल्या नौदलात दाखल झाली. १८ मे १९६१ रोजी, जहाज अजून ब्रिटनच्याच समुद्रात असताना, ताहिलियानींनी तिच्यावर सी हॉक उतरवलं. विक्रांतवर जेट उतरवणारे ते पहिले भारतीय.

यात काय एवढं? तर जहाजाची लांबी जेमतेम ७०० फूट, त्यातला उतरायला मिळणार एक तुकडा, आणि तोही डुलणारा! विमानाच्या शेपटीखालचा हूक डेकवरच्या आडव्या तारेत अडकला तरच विमान थांबतं. म्हणून चाकं टेकली की वैमानिक इंजिनचा जोर कमी करत नाही, उलट पूर्ण वाढवतो. हूक चुकलाच तर पुन्हा उडता आलं पाहिजे ना! दहा वर्षांनी, १९७१ च्या युद्धात, याच जहाजावरच्या सी हॉक विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले केले.

पुढे ताहिलियानी विक्रांतचेच कप्तान झाले, आणि १९८४ च्या अखेरीस नौदलप्रमुख. या पदावर पोचलेले ते पहिले वैमानिक. तेव्हा आपल्याकडे विमानवाहू जहाज एकच, तेही म्हातारं होत चाललेलं. ते गोदीत गेलं की वैमानिकांना डेकच नाही. त्यांच्याच कारकिर्दीत ब्रिटनचं 'हर्मिस' विकत घेतलं गेलं आणि मे १९८७ मध्ये 'विराट' म्हणून दाखल झालं. ते २०१७ पर्यंत सेवेत होतं. ज्याने स्वतः डेकवर विमान टेकवलंय, त्याला दुसऱ्या डेकची गरज समजावून सांगावी लागली नसेल, असं आपलं मला वाटतं.

निवृत्तीनंतर १९९० ते ९४ ते सिक्कीमचे राज्यपाल होते. नंतर भ्रष्टाचाराविरुद्धच्या कामात 'ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल इंडिया'चं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं.

जुनी विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाली, काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४ मध्ये भंगारात गेली. तिचं थोडं पोलाद पुण्याच्या बजाजच्या मोटरसायकलींत उतरलं. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत बांधलेली नवी विक्रांत दाखल झाली. त्यानंतर दीड महिन्याच्या आतच, १४ ऑक्टोबरला, ताहिलियानी गेले. वय ९२.

पुढच्या भारतवारीत गोव्याला गेलात, तर दाभोळी विमानतळाजवळचं नौदल विमान संग्रहालय मुलांना जरूर दाखवा. तिथे सी हॉक उभं आहे.