बुगडी स्पष्ट, डोळे धूसर

यात्रेला अवसरी बुद्रुकला गेलो होतो. दिवेलागणीच्या वेळी आत्या पडवीत तांदूळ निवडत बसली होती. उजेड बेताचाच, म्हणून जुनी ५० मि.मी. लेन्स १.५ वर पूर्ण उघडली, रेंजफाइंडरमध्ये तिच्या डोळ्यावर दोन्ही प्रतिमा जुळवल्या आणि बटण दाबलं. फिल्म धुऊन आली, तर कानातली बुगडी लख्ख आणि डोळे धूसर.

अशा वेळी हात आधी कॅमेऱ्यातल्या स्क्रूकडे जातो. तो आवरावा.

रेंजफाइंडर लेन्समधून बघतच नाही. दोन खिडक्यांतून येणाऱ्या प्रतिमा एकमेकींवर बसवायच्या, एवढंच त्याचं काम. रिंग फिरली की लेन्सची मागची कडा कॅमेऱ्यातलं छोटं चाक ढकलते आणि दुसरी प्रतिमा सरकते. लेन्सनं अंतर सांगायचं, खिडकीनं विश्वास ठेवायचा. लायका एम६मध्ये या खिडक्यांत ६९.२५ मि.मी. अंतर असतं. नेहमीच्या ०.७२ पट दर्शकातून पाहताना ते जेमतेम ५० मि.मी.इतकं कामाला येतं. एक मीटरवर ॲपर्चर ८ असेल तर साधारण १८ सेंमी खोलीतलं सगळं स्पष्ट येतं, १.५ ला साडेतीनही नाही. म्हणून दोष वर्षानुवर्षं झाकलेला राहतो.

पहिला संशय स्वतःवर. जुळवणी चौकटीच्या मध्यभागी होते, मग आपण कॅमेरा वळवतो. फोकस मात्र भिंतीसारखा सपाट असतो, कॅमेऱ्याबरोबर तोही वळतो. एक मीटरवर १५ अंश वळलात तर तो डोळ्याच्या ३.४ सेंमी मागे पडतो. मी वळवला होता.

उरलेल्या चुकीसाठी दुसऱ्या दिवशी ओट्यावर शिंप्याची टेप तिरकी अंथरली आणि ५०च्या आकड्याशी काडेपेटी उभी केली. कॅमेरा तिवईवर, लेन्स पूर्ण उघडी, अंतर एक मीटर. दर वेळी रिंग अनंतापर्यंत नेऊन परत आणायची, तीही एकाच दिशेनं, आणि असे पाच फोटो काढायचे. पाचही वेगवेगळीकडे चुकले तर डोळा किंवा ढिली रिंग. माझे पाचही सारखेच मागे गेले, म्हणजे यंत्रच.

कुठलं, कॅमेरा की लेन्स? रात्री रिंग अनंताला टेकवून चंद्राकडे पाहिलं. दोन चंद्र एकावर एक बसले. मग मागचं झाकण उघडून फिल्मच्या रुळांवर दुधी टेप ताणून चिकटवली, शटर 'बी'वर उघडं धरलं आणि भिंगातून पाहिलं. चंद्र टेपवरही रेखीव. एक मीटरवरची काडेपेटी मात्र, खिडकीत जुळलेली असूनही, टेपवर धूसर. मित्राची १.४ ची लेन्स लावली, तर काडेपेटीही नीट. (इथे ३५ मि.मी. २.८ लावून 'कॅमेरा बरोबर आहे' म्हणू नये, ती सगळंच पोटात घालते.) दोष माझ्या लेन्सचा ठरला.

अनंताला खरी, जवळ खोटी, ही जुन्या लेन्सांची ओळखीची खोड. सोव्हिएत ज्युपिटर-३ कॉन्टॅक्सच्या मापावर बेतलेली, म्हणून लायकावर अशीच वागते. झाइसच्या सी सोनार १.५ ची गोष्ट वेगळी: ॲपर्चर बारीक केलं की तिचा फोकस मागे सरकतो. ती ज्या ॲपर्चरवर वापरायची त्यावरच तपासावी.

पातळ चकती घालून अंतर बदलता येतं, पण मग अनंत बिघडतं. चंद्राचे फोटो मी काढत नाही, तरी अजून चकती घातलेली नाही. प्रतिमा जुळल्या की तीन सेंमी मागे झुकतो. आत्या म्हणते, "फोटू काढताना असा बिचकतोस का रे?"