फेटा की हेल्मेट, चांदी की चामडं : घोडा दाखवायला नेताना

माझ्या मागे दिसतोय तो काशीचा भोसले घाट. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला. हिवाळ्यात गंगेचं पाणी उतरलं की समोरच्या रेतीवर घोडे दिसतात. पर्यटकांना फेरी मारून आणणारे, गोंडे आणि रंगीत झुली घातलेले. ते पाहून आजचा विषय इथेच बोलावासा वाटला : घोडा स्पर्धेत किंवा प्रदर्शनात दाखवायचा असेल, तर त्याच्या अंगावर काय असावं आणि आपल्या अंगावर काय असावं?

हा विषय केवळ हौसेचा नाही. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते. एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोड्यांचा मोठा बाजार. नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाची यात्रा, तीही मार्गशीर्षातच. तिथे लाखोंचे सौदे होतात आणि घोड्यांच्या स्पर्धाही होतात. पहिल्यांदा घोडा घेऊन जाणारा माणूस बहुतेक वेळा एकच चूक करतो. होता नव्हता तो पैसा गोंड्यांवर, घुंगरांवर आणि चांदीच्या पट्ट्यांवर घालतो, आणि लगाम मात्र बाजारात मिळेल तो उचलतो. पंचाची नजर आधी घोड्याच्या तोंडाकडे जाते, गोंड्याकडे नंतर.

एक तत्त्व पक्कं धरा. सामान घोडा दाखवण्यासाठी असतं, घोडा सामान दाखवण्यासाठी नसतो. आपल्या भाषेत ‘खोगीरभरती’ हा शब्द आहे. खोगिराच्या आत चिंध्या, लोकर, जे मिळेल ते भरतात, ती खोगीरभरती. त्यावरून निरुपयोगी भरताडाला आपण तो शब्द वापरतो. प्रदर्शनात घोड्याच्या बाहेरच्या बाजूला खोगीरभरती करू नका, एवढंच म्हणणं.

आता पहिला प्रश्न : तुम्ही कोणत्या वर्गात उतरताय? साधारण तीन प्रकार समजून घ्या.

पहिला, हातात धरून दाखवायचा वर्ग. यात कोणी वर बसत नाही. घोड्याची ठेवण, पाय, मान, चाल आणि स्वभाव पाहतात. शिंगरं आणि आदत जनावरं याच वर्गात असतात. घोड्याचे मधले दुधाचे दात साधारण अडीच वर्षांनी पडतात, पुढची जोडी साडेतीनला, कडेची साडेचारला. त्यामुळे दात पाहून वयाचा गट ठरवता येतो.

इथे सामान सगळ्यात कमी. शिंगराला साधी, नीट बसणारी मोरखी आणि दोर. मोठ्या घोड्याला, विशेषतः वळूला, तोंडात साधा लगाम, कारण ताबा हवा. मारवाडी किंवा काठियावाडी घोडा असेल तर त्याची खूण म्हणजे आत वळलेले कान. कानांच्या मधोमध मोठा गोंडा बांधला तर जी गोष्ट दाखवायला आणली तीच झाकली जाते. गळ्यात जाड माळा घातल्या तर मानेचा बाक दिसत नाही. पायात रुंद पट्टे बांधले तर नळी आणि सांधा दिसत नाही, आणि मग पंचाला वाटतं की काहीतरी लपवलंय.

मोरखीच्या पट्ट्यांची रुंदीसुद्धा काम करते. लांबट डोक्याच्या घोड्याला नाकावरचा पट्टा थोडा रुंद घेतला तर डोकं आटोपशीर दिसतं. नाजूक, बारीक डोक्याला बारीक पट्टा. नुकऱ्यावर काळं किंवा गडद चामडं ठळक दिसतं, पण नुकऱ्याची कातडी गुलाबी असते, घासलं की लगेच दिसतं. म्हणून पट्ट्याच्या आतली बाजू मऊ हवी.

धरणाऱ्याने साधे, अंगाला बसणारे कपडे घालावेत. पूर्ण बाहीचा सदरा, पँट किंवा नीट आवळलेला पायजमा, पायात बंद बूट. चप्पल नको, घोड्याचा पाय पडला तर बोटं जातात. हातात मोजे, म्हणजे दोर सरकला तरी तळवा सोलत नाही. आणि दोर हाताला कधीही गुंडाळायचा नाही. घोडा बुजला तर तो तुम्हाला सोबत घेऊन जातो. या वर्गात फेटा जरूर बांधा, शोभून दिसतो. फक्त त्याचा शेमला लांब सोडू नका. वाऱ्यावर फडफडला की तरणा घोडा बुजतो.

दुसरा प्रकार, स्वारीचा देशी वर्ग. रेवाल चालीच्या स्पर्धा यात येतात. घोडा वेगात चालतो, पण स्वाराला धक्का जाणवू नये, ही त्यातली कसोटी. इथे खोगीर महत्त्वाचं. पाठीच्या उंचवट्यावर, म्हणजे मान जिथे पाठीला मिळते तिथे, खोगीर आणि हाड यांच्यात दोन-तीन बोटं जागा हवी. स्वार बसल्यावरसुद्धा. नाहीतर जखम होते आणि घोडा पाठ चोरतो. पाठ चोरली की चाल गेली. खोगीर खांद्यावर पुढे सरकवू नका. खांदा मोकळा असेल तरच पाऊल लांब पडतं, आणि पंचालाही खांदा दिसतो. तंग कोपरामागे साधारण चार बोटं सोडून बसावा आणि एका दमात आवळू नये. आधी निम्मा, घोडा दहा पावलं चालवून मग पुरता.

रिकीब बुटापेक्षा दोन-अडीच सेंटिमीटर रुंद असावी. अरुंद असेल तर पाय अडकतो, फार रुंद असेल तर आख्खा पाय आरपार जातो. पडताना पाय रिकिबीत अडकून फरफटत जाणं, हा घोडेस्वारीतला सगळ्यात वाईट अपघात. म्हणून बुटाला टाच हवी. सपाट तळाचे खेळाचे बूट घालून कोणी बसू नये.

आता लगाम. इथे मी जरा कडक बोलणार आहे. यात्रांमध्ये अजूनही काटेरी लगाम विकायला असतात. आतल्या बाजूला खिळे किंवा दाते. घोडा मान उचलून नाचतो, लोक टाळ्या वाजवतात, आणि त्याच्या तोंडात रक्त असतं. हे बेकायदा आहे. प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारा कायदा १९६० चा. त्याखाली १९६५ साली ओढकाम आणि ओझेवाहू जनावरांसाठी नियम झाले. त्यांत हाकताना, स्वारी करताना किंवा ताबा ठेवण्यासाठी खिळे-दात्यांचा लगाम वापरायला स्पष्ट मनाई आहे. तेव्हा ‘आमच्याकडे परंपरेनं असंच असतं’ हे उत्तर चालणार नाही.

साधा, मधे सांधा असलेला गुळगुळीत लगाम घ्या. तोंडाच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा सेंटिमीटर मोकळा राहावा. ओठाच्या कोपऱ्याला एखाद-दुसरी सुरकुती पडेल इतकाच वर असावा. नाकपट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तर आता मोजमाप घालून हे तपासतात. ज्या घोड्याला साधा लगाम पुरत नाही, त्याला जास्त कडक लगाम नको, जास्त दिवसांची शिकवण हवी.

‘जेरबंद’ हा शब्द आपण चोर पकडला की वापरतो. मूळचा तो घोड्याचा पट्टा आहे. तंगापासून पुढच्या दोन पायांमधून वर जाणारा, घोड्याला डोकं उडवू न देणारा. सरावात त्याचा उपयोग आहे. पण इंग्लंडमध्ये सपाट मैदानावरच्या प्रदर्शनाच्या वर्गात तो चालत नाही, आणि कारण पटण्यासारखं आहे : पंचाला घोड्याचं डोकं त्याने स्वतः कुठे ठेवलंय ते पाहायचं असतं. त्याच इंग्लंडात शिकारी जातीच्या दणकट घोड्याला साधं रुंद चामडं आणि स्वाराला जाड लोकरी कोट, तर नाजूक, डौलदार घोड्याला बारीक चामडं आणि कपाळावर रंगीत पट्टी, अशी रीत आहे. म्हणजे पोशाखही घोड्याच्या जातीला शोभेल असा. आपण हेच का करू नये? भीमथडीचं तट्टू हे धनगरांबरोबर डोंगरदऱ्या तुडवणारं काटक जनावर. महाराष्ट्राच्या राज्यगीतात त्याचा उल्लेख आहे, आणि आता स्वतंत्र जात म्हणून त्याची नोंदही झाली आहे. त्याच्यावर राजस्थानी वरातीचा साज चढवला तर तट्टू हरवतं. साधं मजबूत खोगीर, घोंगडीच्या रंगाची झूल, एवढ्यावर ते रुबाबदार दिसतं.

तिसरा प्रकार, नियमपुस्तकातली घोडेस्वारी, म्हणजे ड्रेसाज आणि उड्या. २०२३ साली हांगझोउच्या आशियाई खेळांत भारताने ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं. १९८२ नंतर घोडेस्वारीतलं ते पहिलं सुवर्ण. त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता आणि इंदूरची सुदीप्ती हजेला होती. या स्पर्धांत गडद कोट, पांढरी किंवा फिकी ब्रिचेस, उंच बूट, हातमोजे असा पोशाख असतो. लगाम कोणता चालेल तेही लिहिलेलं असतं. इथे स्वतःची कल्पकता चालवू नका. नियमपुस्तक वाचा, आणि त्या वर्षीचंच वाचा.

आता फेटा की हेल्मेट. मला फेट्याचा अभिमान आहे. काशीतच जन्मलेली मणिकर्णिका तांबे, पुढची झाशीची राणी, आपल्या मनात फेटा बांधून घोड्यावर बसलेलीच आहे. पण एक गोष्ट पाहा. ड्रेसाजच्या वरच्या पातळीवर टॉप हॅट ही पिढ्यान् पिढ्यांची शान होती. आंतरराष्ट्रीय महासंघाने २०२१ पासून ती बंद करून सगळ्यांना हेल्मेट सक्तीचं केलं. त्यांची शान कमी झाली नाही. तेव्हा पायी असताना फेटा, बक्षीस घेताना फेटा, पण मांड टाकली की हेल्मेट. घोडेस्वारीचंच हेल्मेट हवं. मोटारसायकलचं किंवा क्रिकेटचं वेगळ्या धक्क्यासाठी केलेलं असतं. आत एएसटीएम एफ ११६३ किंवा तशा मानकाची खूण शोधा. भुवयांच्या वर दोन बोटं बसावं, हनुवटीचा पट्टा लावलेला असावा. एकदा जोरात आपटलं की ते बदलायचं, बाहेरून चांगलं दिसलं तरी.

मुलींसाठी एक सांगणं. नऊवारीचा काष्टा स्वारीला सोयीचा आहे, पण पदर घट्ट खोचून पिन लावा. ओढणी नको. लोंबणारे दागिने नकोत.

शेवटी पैशाचा हिशोब, कारण बहुतेकांची अडचण तीच असते. पैसे कमी असतील तर क्रम असा ठेवा : आधी हेल्मेट आणि टाचेचे बूट, मग गुळगुळीत लगाम, मग पाठीला बसणारं खोगीर आणि मऊ तंग, मग नाल आणि खुरांची निगा. त्यानंतर उरले तर गोंडे. जुनं चामडं साबणाने पुसून तेल दिलेलं असेल, शिवण शाबूत असेल, तर ते नव्या चकचकीत पण कडक चामड्यापेक्षा चांगलं. आणि खरारा रोज करा. अंगावरची लकाकी विकत मिळत नाही, ती चाऱ्यातून आणि खराऱ्यातून येते. सगळं सामान घालून घरी किमान चार-पाच वेळा घोडा चालवा. नवी वस्तू थेट मैदानात चढवू नका.

मैदानात जाण्याआधी एकच तपासणी करा. लगाम, नाकपट्टा, तंग आणि खोगिराखालची पाठ, या चार ठिकाणी हात फिरवा. हाताला ओल, सूज किंवा सोललेली कातडी लागली, तर त्या दिवशी घोडा उतरवू नका. स्पर्धा पुढच्या वर्षीही असेल.

पुढच्या भागात खूर आणि नाल यांविषयी बोलू.