वार्षिक पास असला तरी टोल का कापला जातो?

जामनेरहून मोटारीने मुंबई-पुण्याकडे जाणाऱ्यांनी फास्टॅगचा वार्षिक पास घेतला म्हणजे टोलची चिंता मिटली, असे नाही. १५ ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झालेला हा पास राष्ट्रीय महामार्ग व राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवरील नाक्यांपुरताच आहे. जळगाव-धुळे-नाशिक या राष्ट्रीय महामार्गावर तो चालतो. मात्र अजिंठ्यामार्गे छत्रपती संभाजीनगर गाठून समृद्धी महामार्ग धरल्यास अंतरानुसार वेगळा टोल कापला जातो; कारण तो रस्ता राज्य रस्ते विकास महामंडळाचा आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचेही तसेच. म्हणून पास असूनही फास्टॅगमध्ये शिल्लक ठेवावी. अन्यथा दुप्पट टोलचा भुर्दंड बसू शकतो.

खासगी मोटार, जीप व व्हॅनसाठीच्या या पासचे सुरुवातीचे शुल्क ३००० रुपये होते. मुदत एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यांपैकी जे आधी संपेल ते. सर्वसाधारण नाका ओलांडला की एक फेरी, जाऊन-येऊन दोन. स्वित्झर्लंडमध्ये ४० फ्रँकचा वार्षिक परवाना, म्हणजे ‘विन्येट’, घेतला की महामार्गावर फेऱ्यांचे बंधन नसते. आपल्याकडे ते आहे. तेव्हा वर्षभरात राष्ट्रीय महामार्गावरील किती नाके ओलांडावे लागतात, याचा हिशेब करूनच पास घेणे हिताचे.