घसरणाऱ्या मोटारीला कोण सावरते?

स्वीडनच्या उत्तर भागात आर्येप्लॉग नावाचे एक छोटे गाव आहे. हिवाळ्यात तेथील सरोवरे इतकी घट्ट गोठतात की, त्यांच्या पाठीवरून मोटारी खुशाल धावू शकतात. दर हिवाळ्यात मोटार-कारखान्यांचे अभियंते आपल्या नव्या गाड्या घेऊन तेथे मुक्काम ठोकतात. बर्फावर मोठमोठी वर्तुळे आखलेली असतात. अशा वर्तुळावर एक ताकदवान मोटार फिरते आहे अशी कल्पना करा. चालक समोरच्या फळीवरील एक बटण दाबून धरतो. त्या बटणावर घसरणाऱ्या मोटारीचे चित्र आहे. आतापर्यंत जी गाडी मुकाट्याने वर्तुळावर फिरत होती, तीच आता अ‍ॅक्सिलरेटरवर पाय थोडासा जास्त पडताच भोवऱ्यासारखी गरकन फिरते आणि उलट दिशेला तोंड करून थांबते.

इंजिन तेच, चाके तीच, बर्फ तोच आणि चालकही तोच. मग एका बटणाने एवढे काय बदलले?

त्या बटणाने मोटारीचा ‘स्थैर्य-नियंत्रक’ बंद होतो. त्याचे काम समजून घेण्यासाठी नवे शास्त्र शिकावे लागत नाही. शाळेत शिकलेले घर्षण, वर्तुळाकार गती आणि पायथागोरसचा सिद्धान्त एवढी शिदोरी पुरेशी आहे.

पोस्टकार्डाएवढ्या चार जागा

मोटार कितीही मोठी असली, तरी प्रत्येक चाकाचा रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम एका पोस्टकार्डाएवढा असतो. वेग वाढविणे, थांबणे आणि वळणे या तिन्ही कामांसाठी लागणारे सर्व बल या चार छोट्या जागांवरील घर्षणातूनच मिळते.

वळणावर गाडीला केंद्राकडे ओढणारे अभिकेंद्री बल लागते. ते घर्षण पुरविते. घर्षण जास्तीत जास्त किती पुरवू शकेल याला मर्यादा आहे. सपाट रस्त्यावर ही मर्यादा अशी मांडता येते :

वेगाचा वर्ग = घर्षण-गुणांक × गुरुत्वत्वरण × वळणाची त्रिज्या

समजा, वळणाची त्रिज्या ५० मीटर आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षण-गुणांक सुमारे ०.८ धरला, तर वेगाचा वर्ग ०.८ × ९.८ × ५० = ३९२ येतो. म्हणजे वेग सुमारे २० मीटर प्रतिसेकंद, ताशी ७१ किलोमीटर. ओल्या रस्त्यावर गुणांक ०.४ झाला, तर मर्यादा ताशी ५० किलोमीटरवर येते. बर्फावर तो ०.१ धरला, तर ती अवघी ताशी २५ किलोमीटर उरते.

या सूत्रात एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. त्यात ना गाडीचे वस्तुमान आहे, ना इंजिनाची शक्ती. मोटार लाखाची असो की कोटीची, घर्षण-गुणांक तेवढाच असेल तर वळणाची मर्यादाही तेवढीच. अभियंते बर्फावर का जातात याचे उत्तरही येथेच आहे. कोरड्या रस्त्यावर जे भलत्या वेगाला घडते, तेच बर्फावर सुमारे एक-तृतीयांश वेगाला घडते. त्यामुळे ते सावकाश आणि पुष्कळ कमी धोक्याने पाहता येते.

सहा, आठ आणि दहा

आता एकच चाक घ्या. त्याच्याजवळ घर्षणाची जास्तीत जास्त १० एकके आहेत असे समजा. ही १० एकके कोणत्याही एका दिशेने वापरता येतात. पण वळायचे आणि वेगही वाढवायचा, अशी दोन कामे एकदम करायची असतील तर? ही दोन बले परस्परांना काटकोनात आहेत, म्हणून त्यांची बेरीज पायथागोरसच्या रीतीने होते. वळण्यासाठी ८ एकके खर्च झाली, तर पुढे ढकलण्यासाठी २ नव्हे, ६ उरतात. कारण ८ चा वर्ग अधिक ६ चा वर्ग बरोबर १० चा वर्ग. वळण्यातच सर्व १० खर्ची पडली, तर शिल्लक शून्य. त्या क्षणी अ‍ॅक्सिलरेटर किंवा ब्रेक थोडासा दाबला, तरी खाते ओलांडले जाते आणि चाक घसरू लागते.

घरी करून पाहा

घसरलेल्या चाकाचे काय होते, हे पाहण्यासाठी एक सोपा प्रयोग आहे. चाके मोकळी फिरणारी एक खेळण्यातली मोटार घ्या. तिची पुढची दोन चाके चिकटपट्टीने पक्की जखडून टाका. गुळगुळीत फळीला चांगला उतार द्या व मोटार सरळ खाली तोंड करून सोडा. ती बहुधा सरळ घसरत खाली येईल. आता पुढची चाके मोकळी करा आणि मागची दोन जखडा. या वेळी मोटार वाटेतच गरकन फिरेल आणि शेपूट पुढे करून खाली येईल!

याचे कारण असे. फिरणारे चाक पुढे सहज जाते, पण आडवे सरकायला मात्र कडवा विरोध करते. या आडव्या पकडीमुळेच गाडी वळते. घसरणाऱ्या चाकावरील घर्षण मात्र केवळ घसरण्याच्या दिशेच्या उलट असते. आडवी पकड जवळजवळ नाहीशी होते. मागच्या चाकांची ही पकड गेली की, लहानशा धक्क्यानेही शेपूट एका बाजूला जाऊ लागते आणि पुढची पकडलेली चाके जणू खुंटी बनतात. पुढच्या चाकांची पकड गेली, तर स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी वळणाबाहेर सरळ जाते.

रस्त्याच्या दृष्टीने चाक जखडून घसरले काय, किंवा इंजिनाच्या जोराने जागच्या जागी भरभर फिरून घसरले काय, परिणाम सारखाच. ताकदवान मोटारीचा धोका नेमका इथे आहे.

इंजिन जिंकते तेव्हा

१६०० किलोग्रॅम वस्तुमानाची आणि ३०० किलोवॉट, म्हणजे सुमारे ४०० अश्वशक्तीची एक मोटार घ्या. इंजिन मागची चाके फिरविते. वेग २० मीटर प्रतिसेकंद आहे. शक्ती भागिले वेग म्हणजे बल. म्हणून योग्य गिअरमध्ये इंजिन जास्तीत जास्त ३,००,००० ÷ २० = १५,००० न्यूटन बल देऊ पाहते. मागच्या चाकांवर गाडीचे निम्मे वजन धरले, तर कोरड्या रस्त्यावरही त्यांना मिळणारे घर्षण सुमारे ६,३०० न्यूटनच असते. म्हणजे ताशी ७२ किलोमीटर वेगाला, सरळ कोरड्या रस्त्यावरदेखील, इंजिन घर्षणाला हरवू शकते. वळणावर ८ एकके आधीच खर्च झालेली असतील, तर ३,८०० न्यूटनच उरतात. इंजिनाच्या चौथ्या हिश्शातच खाते संपते.

याउलट ९०० किलोग्रॅमची, ५० किलोवॉटची लहान मोटार त्याच वेगाला २,५०० न्यूटनच देऊ शकते आणि तिच्या दोन चाकांना सुमारे ३,५०० न्यूटन घर्षण मिळते. तिचा दुबळेपणा हेच तिचे एक कवच असते. अर्थात ओल्या रस्त्यावर तिलाही १,७५० न्यूटनच मिळतात, हे विसरू नये.

शेपूट सुटली की, चालकाने स्टिअरिंग घसरण्याच्या दिशेला वळवून गाडी सावरावी असे शिकवितात. पण माणसाला धोका कळून हात हलेपर्यंत पाऊण सेकंद सहज जातो. गाडी दर सेकंदाला ६० अंश फिरत असेल, तर तेवढ्यात ती ४५ अंश वळलेली असते. शिवाय घाबरलेला माणूस पटकन पाय उचलतो किंवा ब्रेक दाबतो. त्यामुळे गाडीचा भार पुढे झुकतो, मागची चाके हलकी होतात आणि त्यांची पकड आणखी कमी होते.

नियंत्रक काय करतो?

स्थैर्य-नियंत्रकाजवळ चार प्रकारची माहिती येत असते : स्टिअरिंग किती वळले आहे, प्रत्येक चाक किती वेगाने फिरते आहे, गाडीवर आडवे त्वरण किती आहे आणि गाडी स्वतःभोवती किती वेगाने वळते आहे. ही शेवटची गोष्ट मोजणाऱ्या उपकरणात एक सूक्ष्म भाग सतत कंप पावत असतो. गाडी वळली की, त्याच्यावर कोरिऑलिस बल कार्य करते. फूकोचा लंबक ज्या तत्त्वावर पृथ्वीचे फिरणे दाखवितो, तेच हे तत्त्व.

चालकाला कुठे जायचे आहे आणि गाडी प्रत्यक्षात कुठे चालली आहे, यांची तुलना संगणक दर सेकंदाला सुमारे २५ वेळा करतो. शेपूट बाहेर जाऊ लागली, तर तो वळणाच्या बाहेरच्या बाजूचे पुढचे एकच चाक ब्रेकने धरतो. नाक बाहेर जाऊ लागले, तर आतल्या बाजूचे मागचे चाक धरतो. गाडीच्या मध्यरेषेपासून ०.७५ मीटर अंतरावर ३,००० न्यूटनचे बल लागले, तर २,२५० न्यूटन-मीटरचे परिबल मिळते. ते गाडीला पुन्हा मार्गावर फिरविते. त्याच वेळी इंजिनाचा जोरही कमी केला जातो.

माणूस कितीही निष्णात असला, तरी हे त्याला जमणारे नाही. कारण त्याच्या पायाखाली चारही चाकांना मिळून ब्रेकचा एकच पट्टा असतो.

बॉश कंपनीत हे तंत्र विकसित करणाऱ्या पथकाचे नेतृत्व अँटन फान झांटेन या अभियंत्याने केले आणि १९९५ मध्ये ते मर्सिडीझच्या एका महागड्या मोटारीत प्रथम आले. ऑक्टोबर १९९७ मध्ये एका स्वीडिश नियतकालिकाने मर्सिडीझच्याच नव्या, छोट्या ‘ए-क्लास’ मोटारीची परीक्षा घेतली. रस्त्यात अचानक एल्क हे मोठे हरीण आले, तर ते चुकविण्याची ही परीक्षा होती. मोटार उलटली. कंपनीने विक्री काही काळ थांबवून गाडीत सुधारणा केल्या आणि प्रत्येक ए-क्लासमध्ये स्थैर्य-नियंत्रक बसविला. श्रीमंतांच्या गाडीतील उपकरण असे लहान गाडीत उतरले. २०१४ च्या नोव्हेंबरपासून युरोपीय संघात ते सर्व नव्या मोटारींना सक्तीचे झाले. अमेरिकेतील पाहणीनुसार एकाच वाहनाच्या प्राणघातक अपघाताची शक्यता या उपकरणामुळे जवळजवळ निम्मी होते.

मग बटण ठेवलेच कशाला?

हा प्रश्न योग्य आहे. गाडी वाळूत, चिखलात किंवा भुसभुशीत बर्फात रुतली, तर बाहेर निघण्यासाठी चाके थोडी घसरू देणेच सोयीचे असते. नियंत्रक मात्र चाक घसरले की इंजिनाचा जोर काढून घेतो आणि गाडी तेथेच अडकते. अशा वेळी तो बंद करावा लागतो. बंदिस्त शर्यतपथावर सराव करणारेही तो बंद करतात. पण तेथे समोरून ट्रक येत नाही आणि सायकलवर शाळेत जाणारी मुलेही नसतात. गाडी पुन्हा सुरू केली की, बहुतेक मोटारींत नियंत्रक आपोआप चालू होतो, तो याचसाठी.

तरीही ‘बटण बंद करून चालवितो तोच खरा चालक’ असे म्हणणारे भेटतात. त्यांच्यासाठी एक उदाहरण आहे. पोर्शेच्या ‘करेरा जीटी’ या ६१२ अश्वशक्तीच्या मोटारीत स्थैर्य-नियंत्रक दिलेलाच नव्हता. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियात या मोटारीच्या अपघातात चालक आणि शेजारी बसलेले अभिनेते पॉल वॉकर मरण पावले. चालक अनुभवी होता. तपासात यांत्रिक बिघाड आढळला नाही. ताशी ७२ किलोमीटरची मर्यादा असलेल्या रस्त्यावर वेग ताशी १३० ते १५० किलोमीटर होता आणि टायर नऊ वर्षांचे होते, असे आढळले. रबर जुने झाले की कडक होते आणि त्याची पकड घटते. तेथे नियंत्रक असता तर काय झाले असते, हे कोणी सांगू शकणार नाही. पण घर्षणाचे खाते ओलांडले गेले होते, हे स्पष्ट आहे.

आणि नियंत्रक चालू असला म्हणून निर्धास्त राहावे असेही नाही. आपल्या ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ९० किलोमीटर वेगाने जायचे, तर घर्षण-गुणांक किती लागेल? २५ चा वर्ग भागिले ४९०, म्हणजे जवळजवळ १.३. साध्या टायरला तो मिळत नाही. संगणक घर्षण वाटून देऊ शकतो, निर्माण करू शकत नाही. बटण चालू असो वा बंद, शिल्लक तेवढीच राहते. बटण बंद केल्यावर फक्त ती सांभाळणारा दुसरा कोणी नसतो.

विद्यार्थी मित्रांनो, काही वर्षांनी तुमच्यापैकी अनेकांच्या हाती स्टिअरिंग येईल. पहिल्या पावसाने रस्ता ओला झाला की, वरच्या सूत्रात ०.८ च्या जागी ०.४ घालून एकदा वेग काढून पाहा. मग अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय थोडा उचला. ते उत्तर बरोबर आले, तर नियंत्रकाला काम करण्याची वेळ क्वचितच येईल.