आधी घासू नका

गाडीचा मूळ रंग कोणता होता हे मालकाला विचारू नये. विचारलं तर उत्तर ठामपणे मिळतं आणि बहुतेक वेळा ते चुकीचं निघतं. माणसाला गाडी आठवते, ती चालवणारे वडील आठवतात, पुढं उभं राहून खाल्लेला वारा आठवतो. रंग मात्र त्यानं नंतर कुठल्या तरी फोटोवरून नाहीतर शेजाऱ्याच्या गाडीवरून उचललेला असतो.

मी राहायला नांदेडजवळच्या विष्णुपुरीत आणि माझं डेंटिंग-पेंटिंगचं दुकान लातूर रोडला. हात बसला तो ट्रकच्या बॉड्या रंगवून. गेल्या काही वर्षांत मात्र वेगळं गिऱ्हाईक येऊ लागलंय. विद्यापीठातून किंवा इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त झालेले सर, धरणाच्या कामावर नोकरी काढलेले साहेब, नाहीतर पुण्याला स्थायिक झालेली त्यांची मुलं. मागच्या पडवीत धूळ खात पडलेली स्कूटर छोट्या टेम्पोत घालून आणायची आणि म्हणायचं, "मामा, कंपनीतनं आली तशी करून द्या." गाडी बहुतेक वेळा चेतक असते. १९७२ साली आकुर्डीच्या कारखान्यातून ती पहिल्यांदा बाहेर पडली, मागणी इतकी की नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबत, आणि २००९ मध्ये ती बंद झाली. मधेच १९८५ साली औरंगाबादजवळ वाळूजला बजाजचा कारखाना आला, त्यामुळे मराठवाड्यातला माणूस तिला घरचीच समजतो.

अशाच एका चेतकवरून दोन सख्ख्या भावांचं माझ्या दुकानात वाजलं. थोरले म्हणाले हिरवी होती, धाकटे म्हणाले, "हिरवी कुठली दादा, निळीच होती की." दारात उभी होती ती लालभडक. आरसी बुक काढलं, त्यात रंगाच्या रकान्यात 'ब्लू' एवढंच. धाकटे खूश झाले, पण माझं काम तिथं संपत नव्हतं. आरटीओतल्या कारकुनाचा 'ब्लू' म्हणजे आकाशी, मोरपंखी की शाईसारखा गडद, हे त्या रकान्यातून कळत नाही. आरसी बुकानं रंगाचं घराणं कळतं, शेड नाही.

शेड गाडीच्या अंगावरच शोधावी लागते. ज्या जागी ऊन पोचत नाही आणि दुसऱ्या पेंटरची गनही सहसा पोचत नाही, अशा जागा प्रत्येक गाडीत असतात. स्कूटरला डिक्कीच्या आतला भाग, पेट्रोलच्या टाकीखालची जागा, हॉर्नच्या झाकणामागं, नावाच्या पट्टीखाली, स्टेपनीमागं, फूटबोर्डच्या रबरी पट्ट्यांखाली. जीपला डॅशबोर्डच्या मागं, फियाटला दरवाज्याच्या आतल्या गादीखाली. घाईत रंगवणारा माणूस टाकी काढत नाही आणि पट्टी उचकटत नाही, नुसता कागद चिकटवून गन मारतो. त्याचा आळस माझ्या कामी येतो. बाजूची झाकणं मात्र मी पुरावा म्हणून धरत नाही. ती पडून चेपतात, बदलतात, दुसऱ्याच गाडीची येऊन बसतात. मुख्य बॉडी जे सांगेल ते खरं.

जागा सापडली की घासायचं, पण रुपयाएवढंच आणि पाण्याखाली. आठशेचा वॉटर पेपर बोटाखाली धरून गोल गोल फिरवायचा, मग हजार, पंधराशे, शेवटी दोन हजार. मधोमध पत्रा दिसू लागला की थांबायचं. आता त्या पत्र्याभोवती रंगांची वर्तुळं दिसतात, खोडाच्या चकतीवर दिसतात तशी. आतून बाहेर वाचत जायचं. पत्र्याला चिकटलेला पहिला थर प्रायमरचा, त्याच्या लगेच वरचा रंग कंपनीचा. त्यानंतर पुन्हा प्रायमर, सरफेसर किंवा पुट्टी लागली तर तिथून पुढचं सगळं गॅरेजचं. त्या चेतकवर लाल, लालखाली करडा सरफेसर, त्याखाली पांढरा, त्याखाली हा आमचा रंग निघाला.

आणि तो हिरवट होता. थोरले भाऊ माझ्याकडं बघून हसले.

इथं पेंटर फसतो. लपलेल्या जागेला ऊन लागलेलं नाही म्हणजे रंग जसाच्या तसा राहिला असणार, असं आपण धरून चालतो. ते अर्धंच खरं आहे. जुन्या एनॅमलमध्ये वाळणारं तेल असतं आणि असं तेल अंधारात राहून पिवळं पडतं. घरातला पांढरा ऑइलपेंट कपाटामागं पिवळा दिसतो आणि खिडकीजवळ पांढरा राहतो, त्याचं कारण हेच. फिकट निळ्यावर पिवळी झाक चढली की तो हिरवा दिसणारच. वरून डिक्कीत वर्षानुवर्षं सांडलेलं टूटी ऑइल. मी ती जागा साबणाच्या पाण्यानं धुतली, हलकं पॉलिश मारलं, डिक्कीचं झाकण सोडवलं आणि खिडकीत, थेट ऊन लागणार नाही पण उजेड येईल असं ठेवून दिलं. उजेडात ही पिवळी झाक बरीचशी उतरते. पुढच्या वेळी भाऊ आले तेव्हा झाकण निळं होतं. आकाशी म्हणावं असं, किंचित राखाडीकडं झुकलेलं. थोरल्यांना ते अजून मान्य नाही, ती गोष्ट वेगळी.

उलट, उन्हात राहिलेला रंग वेगळ्याच वाटेनं बिघडतो. नांदेडचा एप्रिल-मे ज्यांनी पाहिलाय त्यांना समजावून सांगायला नको. उन्हातल्या अतिनील किरणांनी रंगाला धरून ठेवणारं बाइंडर सडतं, आणि मोकळी झालेली रंगपूड हाताला खडूसारखी लागते. ही पूड रबिंग कंपाउंडनं उतरवली की खाली बराचसा ताजा रंग मिळतो. पण रंगद्रव्यच उडालं असेल तर कंपाउंड काही करू शकत नाही. काही लाल आणि पिवळी सेंद्रिय रंगद्रव्यं अशी नाजूक असतात. गाडीचा लाल गुलाबी होतो तो त्यांच्यामुळं. काजळीचा काळा आणि लोखंडाच्या गंजापासून आलेले गेरू, पिवळी माती हे रंग मात्र हलत नाहीत. अजिंठ्याच्या भिंतींवरचे लाल-पिवळे दीड हजार वर्षांनंतरही ओळखू येतात, कारण ते मातीचे आहेत. आमचा रेड ऑक्साइड प्रायमर त्याच गोतावळ्यातला. म्हणून कित्येक गाड्यांवर कंपनीचा रंग उडून जातो आणि त्याखालचा प्रायमर ठणठणीत असतो.

रंग कोणत्या जातीचा आहे हेही बघावं लागतं. कापडाच्या बोळ्याला थोडं थिनर लावून कोपऱ्यात घासलं आणि रंग विरघळून कापडावर आला, तर तो लॅकर. आपल्याकडं जुने पेंटर त्याला अजून ड्युको म्हणतात. अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीचा हा रंग, १९२४ च्या मॉडेलच्या ओकलंड मोटारींवर पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आला, आणि दिवसेंदिवस वाळत राहणारं काम तासांवर आलं. भट्टीत भाजलेलं एनॅमल थिनरला सहसा दाद देत नाही. हे तपासायचं ते चकाकीसाठी. आजचं पीयू (पॉलियुरेथेन) दोन घटकांचं, हार्डनर घालून मारायचं, टिकाऊ आहे, मीही तेच वापरतो. पण ते काचेसारखं चमकतं. सत्तरच्या दशकातल्या स्कूटरला ती चमक नव्हती. शेड तंतोतंत जुळली तरी गाडी प्लास्टिकची वाटते, आणि गिऱ्हाइकाला काय खटकतंय ते सांगता येत नाही. अशा वेळी चमक थोडी मारावी लागते.

फोटोंवर माझा विश्वास नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो बघा, अल्बममधली सगळी वरात तांबूस झालेली असते. अंधारात ठेवलेल्या त्या फोटोंमधला निळसर रंग आधी उडतो. त्या फोटोवरून निळ्या स्कूटरची शेड काढणं व्यर्थ आहे. कृष्णधवल फोटो निदान खोटं बोलत नाही. दोन रंगी गाडी होती का, रेघ कुठून कुठं गेली होती, चाकं बॉडीच्या रंगाची होती की चंदेरी, एवढं तो नीट दाखवतो. रेघेचं सांगतो, कारण ती लोक विसरतात. जावा, बुलेटच्या टाकीवरच्या सोनेरी रेघा हातानं मारलेल्या असायच्या. रॉयल एनफील्डच्या चेन्नईच्या कारखान्यात टाकीवर ब्रशनं रेघ ओढणाऱ्या कारागिरांची परंपरा अलीकडपर्यंत होती. घासण्याआधी त्या रेघेवर बटर पेपर ठेवून पेन्सिलनं नक्कल काढून घ्यावी. स्टिकर लावून ती भरून निघत नाही.

आता जुळवणी. मोठ्या रंगाच्या दुकानात स्पेक्ट्रोफोटोमीटर असतो. हातात मावणारं यंत्र, सपाट जागेवर टेकवलं की रंगावर उजेड पाडतं आणि वर्णपटातला कुठला भाग किती परत आला ते मोजतं. संगणक त्याच्याशी जवळचा फॉर्म्युला काढून देतो, कुठला टिंटर किती ग्रॅम. यंत्राला दाखवायची जागा पॉलिश केलेली हवी, नाहीतर ते मळ मोजतं. दोन रंगांतला फरक ते आकड्यात सांगतं. आकडा एकच्या आसपास आला की साध्या डोळ्याला फरक कळणं अवघड होतं. यंत्र चांगलं आहे. पण त्याच्या पोटातले फॉर्म्युले आजच्या गाड्यांचे असतात, आणि आजचे टिंटरही वेगळे. पूर्वी पिवळा आणि हिरवा बनवायला शिशाचं क्रोम सर्रास वापरत. ते विषारी असल्यानं आता टाळतात. म्हणजे जुन्या रंगासारखा रंग आपण दुसऱ्याच द्रव्यांतून बनवत असतो. (जुना रंग कोरडा घासू नका आणि तोंडाला मास्क लावा, ते याच शिशामुळं.)

द्रव्यं वेगळी असली की एक खोडी होते. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन्ही रंग जुळे भाऊ वाटतात आणि गाडी बाहेर उन्हात काढली की परके होतात. उजेड बदलला की जुळणी मोडते, याला शास्त्रात मेटॅमेरिझम म्हणतात. त्याला इलाज एकच आहे, नमुना तीन ठिकाणी बघायचा: सकाळी दारातल्या सावलीत, मग उन्हात, मग रात्री दिव्याखाली. आणि नमुना डब्यात बघायचा नाही. ओला रंग आणि वाळलेला रंग वेगळा दिसतो. पत्र्याच्या पट्टीवर गाडीला मारणार तोच प्रायमर मारून, त्यावर रंगाचे पूर्ण हात देऊन, वाळवून मग जुन्या रंगाला खेटून धरायची. पिवळा आणि लाल हे पातळ झाकणारे रंग. खाली करडा असला तर वेगळे दिसतात, पांढरा असला तर वेगळे. पुरुषांमध्ये शेकडा सुमारे आठ जणांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, आणि आमच्या धंद्यात सगळे पुरुषच. म्हणून शेवटचा शब्द मी बायकोकडून घेतो. तिचा डोळा माझ्यापेक्षा बरा आहे.

मूळ रंग म्हणजे अमुक एकच ठिपका, असं मात्र कुणी समजू नये. कारखान्यातही रंगाचा नवा लॉट आला की शेड जरा इकडंतिकडं व्हायची. पूर्ण गाडी रंगवायची असेल तर लपलेल्या जागेचा, झाक उतरवलेला रंग धरावा. एकच मडगार्ड रंगवायचं असेल तर तो रंग चालणार नाही, उन्हानं उतरलेल्या शेजारच्या पत्र्याशी जुळवावं लागतं. आणि गाडीचा ऐंशी टक्के रंग शाबूत असेल तर, माझ्या पोटावर पाय येतो तरी सांगतो, रंगवूच नये. जुन्या वाहनांची जागतिक संघटना 'फिवा' हिनं २०१२ मध्ये मंजूर केलेल्या तुरीन सनदेचा भरही जुनं आहे ते जपण्यावरच आहे.

याला आता कायद्याचीही बाजू आहे. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या, मूळ रूपात ठेवलेल्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना नंबरप्लेटवर 'व्हीए' अशी वेगळी अक्षरं मिळतात. नवीन नोंदणीचं शुल्क वीस हजार, ती दहा वर्षं चालते, पुढं नूतनीकरणाला पाच हजार. सुरुवातीच्या चेतक २०२२ पासून या वयात आल्यात. आपल्या गल्लीत भंगारात चाललेली स्कूटर कायद्यानं विंटेज असू शकते. दुसरं, आरसी बुकात असलेल्या रंगापेक्षा वेगळा रंग मारला तर आरटीओत नोंद करून घ्यावी लागते. त्या चेतकच्या लालची नोंद कुणीच केली नव्हती, म्हणून तर 'ब्लू' हाती लागला.

रंगाची ही उठाठेव स्कूटरसाठी कशाला, असं कुणी विचारतं. निजामाची १९१२ ची रोल्स-रॉईस चौमहल्ला राजवाड्यात पिवळीच उभी आहे, तिची काळजी घ्यायला माणसं आहेत. मुंबईत ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली तेव्हा तिचा काळा-पिवळा सगळ्यांनी फोटोत धरून ठेवला. नांदेड-लातूरच्या घराघरांतल्या निळ्या, हिरव्या, राखाडी स्कूटरींची नोंद कुणाकडं नाही. ती त्यांच्या पत्र्यावरच आहे, आणि पेंटरचा मुलगा सकाळी ग्राइंडर लावून दुपारपर्यंत ती पुसून टाकतो.

तेव्हा गाडी कुणाकडंही टाका, पण आधी एवढं सांगा: डिक्कीच्या आत हातभर जागा घासायची नाही. रंगाचं काम झालं की फॉर्म्युल्याची चिठ्ठी मागून घ्या, टिंटरची नावं आणि ग्रॅम लिहिलेली, आणि आरसी बुकाच्या प्लास्टिकमध्ये ठेवा. उरलेला रंग छोट्या डबीत गच्च बंद करून घ्या. पैसे देण्याआधी गाडी उन्हात काढून बघा.