घराची किल्ली आणि लसीचे कार्ड

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील ५५६ कुटुंबांस नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत ज्यांच्या पिढ्या वाढल्या, त्यांच्या वाट्यास ५०० चौरस फुटांचे हक्काचे घर आले. हा योग आनंदाचा आहे आणि त्या आनंदात आम्हीही सहभागी आहोत. परंतु खोली रिकामी करणे, संक्रमण शिबिरात दिवस काढणे आणि मग नव्या इमारतीत जाणे, या येरझाऱ्यांत घरातील तान्ह्या मुलाचे लसीकरण कोठवर आले, ही चौकशी कोणी करावयाची? खोलीचा करारनामा पाहिला जातो, वीजदेयक पाहिले जाते. लसीचे कार्ड पाहणे हे गृहनिर्माण खात्याचे काम आहे असे मात्र कोणी मानीत नाही. आज या प्रश्नाकडे वाचकांचे व अधिकाऱ्यांचे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मुंबईत सरकारी घरे आणि प्रतिबंधक लस ही दोन्ही एकाच संकटाची अपत्ये आहेत. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीच्या दाट वस्तीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्या प्लेगवर लस शोधण्यासाठी डॉ. हाफकिन भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील लहानशा प्रयोगशाळेत राबले आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. त्याच प्लेगाने कोंदट चाळींचा धोका सरकारच्या ध्यानी आणून दिला आणि १८९८ साली नगरसुधारणेचा ट्रस्ट स्थापन झाला. पुढे १९२० नंतर बी. डी. डी. चाळी उभ्या राहिल्या. निरोगी घर आणि निरोगी शरीर यांचा विचार एकत्रच झाला पाहिजे, हा त्या दिवसांचा धडा होता. सव्वाशे वर्षांनंतर घर एका कार्यालयात आणि लस दुसऱ्या कार्यालयात अशी त्यांची ताटातूट व्हावी, हे शोचनीय आहे.

या ताटातुटीचे फळ शहराने २०२२ साली भोगले. त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस गोवंडीत गोवराने उचल खाल्ली आणि पाहता पाहता बालके दगावू लागली. नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारचे पथक आले. साथीच्या भागात नऊ महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांस जादा मात्रा देण्याची मोहीम हाती घ्यावी लागली. गोवंडीचे शिवाजीनगर ही काही आपोआप उगवलेली वस्ती नव्हे. अन्य ठिकाणांहून उठविलेल्या लोकांना वसविण्यासाठी महापालिकेनेच ती आखून दिली होती. लोकांना हलविणारी यंत्रणा त्यांच्यापाठोपाठ दवाखाना हलवीत नाही, तेव्हा काय घडते याचा तो पुरावा होय. गोवराचा विषाणू बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. त्यास आवर घालावयाचा तर शंभरांतील पंच्याण्णव मुलांस लसीच्या दोन्ही मात्रा मिळाल्या पाहिजेत. पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण होताच आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. नेमक्या याच सव्वा वर्षात जर कुटुंबाचे बिऱ्हाड हलले, तर दुसरी मात्रा चुकण्यास कितीसा अवकाश?

कोणी म्हणेल, लस फुकट आहे, दवाखाना आहे. मुलास नेणे हे आईबापांचे काम नव्हे काय? आहेच. परंतु व्यवहार कसा चालतो तेही पाहावे. आरोग्यसेविकेची यादी तिच्या ठरलेल्या वस्तीपुरती असते. कुटुंब हलले की मुलाचे नाव जुन्या यादीत पडून राहते आणि नव्या वस्तीतील यादीत ते पुढील पाहणी होईपर्यंत चढत नाही. आई धुण्याभांड्यास जाते, बाप पाळीवर असतो आणि लस टोचण्याची वेळ बहुधा दोघांच्या कामाचीच वेळ असते. आम्ही या व्यवसायात येण्यापूर्वी काही वर्षे शाळेत शिकविले आहे. मूल एक शाळा सोडून दुसरीत जाई तेव्हा त्याच्याबरोबर दाखला जात असे आणि नवे मास्तर त्यावरून त्यास योग्य वर्गात बसवीत. इयत्तेची एवढी काळजी आपण वाहतो. आयुष्याची काळजी त्याहून उणी वाहावी काय?

लस दारापर्यंत आणली म्हणजे काम संपले, असेही नव्हे. लोकांच्या मनातील भयाचा विचार केल्यावाचून कोणतीही मोहीम सफल होत नाही. १८९७ साली पुण्यात रँडसाहेबाने प्लेगनिवारणासाठी जी सक्ती केली, तिने रोगाहून सरकारचीच धास्ती अधिक पसरली. १९०२ साली पंजाबातील मलकोवाल गावी प्लेगची लस टोचलेल्यांपैकी एकोणीस माणसे धनुर्वाताने दगावली. त्या सर्वांस एकाच बाटलीतील लस दिली गेली होती. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला. ती बाटली गावात उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक केला नव्हता, ही गोष्ट मागाहून पुढे आली आणि १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. आज परळच्या संस्थेस त्यांचेच नाव आहे. तथापि खुलासा होण्यास पाच वर्षे लागली आणि तेवढ्या काळात अफवेने आपले काम उरकून घेतले. अलीकडे, ३१ जानेवारी २०२१ रोजी, यवतमाळ जिल्ह्यात बारा बालकांस पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. सुदैवाने मुले बचावली. या दोन्ही प्रसंगी लस निर्दोष होती. चूक माणसाच्या हाताची होती. म्हणूनच तो हात कसा चालतो हे पाहण्याचा आणि विचारण्याचा अधिकार प्रत्येक मातेस आहे.

तिने काय पाहावे? सुई नवी आणि एकदाच वापरता येणारी असावी. लसीच्या कुपीवरील खुणेतील आतला चौकोन बाहेरील वर्तुळापेक्षा फिका असावा. तो गडद झाला तर ती कुपी बाद समजावी. गोवर-रुबेलाची लस द्रव मिसळल्यानंतर चार तासांच्या आत संपविली पाहिजे; म्हणून कुपी केव्हा उघडली हे खुशाल विचारावे. टोचल्यावर अर्धा तास तेथेच थांबावे. पेंटाव्हॅलंट लसीनंतर एकदोन दिवस ताप येऊ शकतो, गोवराच्या लसीनंतर आठवड्याभराने बारीक पुरळ उठू शकते, बी. सी. जी.च्या जागी फोड येऊन व्रण राहतो. यांस भिण्याचे कारण नाही. मात्र मूल निपचित पडले, त्यास श्वास घेता येईना किंवा झटके आले, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. गोवर-रुबेलाची मात्रा चुकली असल्यास ती पाच वर्षांपर्यंत देता येते. तेव्हा उशीर झाला म्हणून संकोचाने घरी बसू नये.

आमच्या सूचना तीन आहेत आणि त्यांपैकी एकीसही मोठा खर्च नाही. पहिली, घराची किल्ली किंवा संक्रमण शिबिरातील गाळ्याचे पत्र देताना पाच वर्षांखालील मुलांची यादी गृहनिर्माण मंडळाने त्या विभागाच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे त्याच आठवड्यात पाठवावी. दुसरी, प्रत्येक वसाहतीत, सोसायटीच्या कचेरीत वा बालवाडीत, महिन्यातून एकदा सायंकाळी किंवा रविवारी लसीकरण व्हावे. तिसरी आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची अशी की, जिन्यापाशी एक फलक असावा. कोणती लस कोणत्या दिवशी मिळेल, त्रास झाल्यास कोणास व कोठे कळवावे, हे त्यावर मराठी, हिंदी व उर्दूत लिहिलेले असावे. आणि एखादे मूल लसीनंतर आजारी पडले तर चौकशीत काय निष्पन्न झाले, हेही त्याच फलकावर लागावे. वाईट बातमी दडविल्याने लसीवरील विश्वास वाढत नाही. ती वेळेवर व प्रांजळपणे सांगितल्यानेच तो वाढतो.

बी. डी. डी. चाळींतील आणखी हजारो कुटुंबे अद्याप हलावयाची आहेत. शहरातील इतर जुन्या वसाहतींचीही तीच वाट आहे. भिंती नव्या होतील, उद्वाहने येतील, खिडक्यांतून उजेडही येईल. त्या उजेडात एखादे बालक केवळ यादीतून नाव गळाले म्हणून गोवराने दगावले, तर त्याच्या आईस त्या ५०० चौरस फुटांचा काय उपयोग? किल्ल्या देण्याचे समारंभ पुढेही होतील. त्या समारंभांत व्यासपीठाशेजारी एक मेज, एक परिचारिका आणि लसीची एक शीतपेटी असावी, एवढीच आमची मागणी आहे.