परांची उतरवताना : संगणकाच्या आरंभीच्या मेमरीचा हिशेब

लिनक्स या कार्यप्रणालीवर चालणारा संगणक सुरू होत असताना त्याच्या पडद्यावरून अक्षरांच्या ओळी भराभर वर सरकत जातात. प्रोसेसर किती आहेत, मेमरी किती सापडली, डिस्क कोणत्या जोडलेल्या आहेत, अशी ती जंत्री असते. अलीकडच्या संगणकांत ती एखाद्या चित्रामागे दडवलेली असते, पण लिहिली जातेच. या जंत्रीच्या शेवटाकडे एक ओळ येते, 'फ्रीइंग अनयूज्ड कर्नेल मेमरी', म्हणजे कर्नेलने न लागणारी मेमरी मोकळी केली, आणि तिच्यापुढे किलोबाइटमधला एक आकडा. नव्वदच्या दशकाच्या अखेरच्या संगणकांवर हा आकडा शे-दोनशे किलोबाइटच्या आसपास असे. आज तो कित्येकदा दोन-तीन हजारांच्या घरात जातो. ही ओळ उमटली की कर्नेल वापरकर्त्याच्या बाजूचा पहिला प्रोग्रॅम चालू करतो आणि संगणक खऱ्या अर्थाने कामाला लागतो.

कर्नेल म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा. मेमरीचे वाटप, प्रोसेसरचा वेळ, डिस्क आणि नेटवर्क या सर्वांवर त्याचा ताबा असतो. एखादा साधा प्रोग्रॅम बंद झाला की त्याने अडवलेली सारी मेमरी कर्नेल परत घेतो. तो प्रोग्रॅम चालू असताना मेमरी अपुरी पडली, तर त्याची काही पाने तात्पुरती डिस्कवरही हलवतो. पण खुद्द कर्नेलने अडवलेल्या जागेची झडती घेणारा वर कोणी नसतो. लिनक्समध्ये कर्नेलची स्वतःची आज्ञावली आणि तिची माहिती डिस्कवर हलवली जात नाही. ती मेमरीत ठाण मांडून बसते. म्हणूनच जी जागा केवळ सुरुवातीच्या काही क्षणांपुरती लागते, ती कर्नेलने आपणहून परत केली नाही, तर यंत्र बंद होईपर्यंत ती कोणाच्याच कामी येत नाही.

अशी एकदाच लागणारी कामे थोडीथोडकी नाहीत. हार्डवेअर हुडकणे, प्रोसेसर कोणत्या जातीचा आहे ते ओळखणे, सुरू करताना दिलेल्या सूचना वाचणे, नानाविध तक्ते मांडणे, हे सारे एकदा उरकले की पुन्हा करावे लागत नाही. इमारत उभी राहीपर्यंत परांची हवी, रंगकाम आटोपल्यावर ती तशीच ठेवण्यात हशील नाही. परांची उतरवणे सोयीचे जावे म्हणून लिनक्सच्या कर्त्यांनी एक सुटसुटीत युक्ती योजली. जे फंक्शन केवळ आरंभी लागते, त्याच्या व्याख्येवर प्रोग्रॅम लिहिणारा 'इनिट' अशी खूण करतो. कंपायलर ही खूण पाहून ते फंक्शन वेगळ्या विभागात टाकतो आणि लिंकर असे सगळे तुकडे गोळा करून एकाच सलग पट्ट्यात बसवतो. हा सलगपणा महत्त्वाचा आहे. मेमरीचे वाटप सामान्यतः ४०९६ बाइटच्या पानांनी होते, आणि एखाद्या पानावर कायम लागणारे एवढेसे फंक्शन जरी असले तरी ते अख्खे पान अडून राहते. सगळी तात्पुरती फंक्शने एका पट्ट्यात आल्यामुळे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तो पट्टा एका दमात मोकळा करता येतो.

दोन-तीन मेगाबाइटसाठी एवढा आटापिटा कशाला, असे सोळा गिगाबाइटच्या यंत्रासमोर बसलेल्याला वाटेल. परंतु लिनक्स केवळ टेबलावरच्या संगणकात नसतो. लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी ५४ जी हा घरगुती राउटर २००२ च्या अखेरीस बाजारात आला, तेव्हा तो लिनक्सवर चालत असे आणि त्यात १६ मेगाबाइट मेमरी होती. २००५ मध्ये कंपनीने पाचव्या आवृत्तीत ती ८ मेगाबाइटवर आणली आणि त्यासाठी लिनक्स सोडून दुसरीच कार्यप्रणाली स्वीकारली. अशा खोक्यात दोनशे किलोबाइट ही चैन नव्हती.

आज्ञावलीच्या या पट्ट्यापेक्षा गुंतागुंतीचा भाग आहे तो आरंभी मागून घेतलेल्या मेमरीचा. येथे 'आधी कोंबडी की आधी अंडे' असा पेच उभा राहतो. कर्नेलचा नेहमीचा वाटपकर्ता प्रत्येक पानाची एक नोंद ठेवतो. चौसष्ट बिटच्या यंत्रावर अशी एक नोंद सर्वसाधारणपणे ६४ बाइटची असते. सोळा गिगाबाइट मेमरीत सुमारे ४२ लाख पाने मावतात, म्हणजे नुसत्या नोंदवहीलाच २५६ मेगाबाइट लागतात. ही वही ठेवायला जागा कोणाकडे मागायची? वाटपकर्ता तर वही तयार झाल्याशिवाय कामच सुरू करू शकत नाही.

हा पेच सोडवण्यासाठी आरंभापुरता एक हंगामी कारभारी नेमला जातो. १९९९ च्या सुमारास लिनक्समध्ये आलेला असा कारभारी 'बूटमेम' या नावाने ओळखला जाई. त्याची रीत अगदी साधी होती. प्रत्येक पानासाठी एक बिट; जागा घेतलेली असेल तर एक, मोकळी असेल तर शून्य. पुढे पॉवरपीसी जातीच्या यंत्रांसाठी लिहिलेली दुसरी पद्धत सर्वांसाठी खुली झाली आणि २०१० मध्ये तिला 'मेमब्लॉक' हे नाव मिळाले. मेमब्लॉक पानापानाचा हिशेब ठेवत नाही. यंत्रात मेमरी कुठून कुठपर्यंत आहे याची एक यादी आणि त्यातला कोणता पट्टा राखून ठेवला आहे याची दुसरी यादी, एवढेच त्याचे दप्तर. या याद्या कर्नेलच्या प्रतिमेतच आधीपासून कोरलेल्या असतात, त्यामुळे त्यांच्यासाठी कोणाकडे हात पसरावा लागत नाही. दोन कारभारी बराच काळ एकत्र नांदले. अखेर डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या ४.२० या आवृत्तीतून बूटमेम काढून टाकण्यात आला.

नोंदवही तयार झाली की सत्तांतर होते. मेमब्लॉक आपली राखीव यादी पाहतो; जे पट्टे तिच्यात नाहीत ते सगळे नेहमीच्या वाटपकर्त्याच्या हवाली करतो. हा वाटपकर्ता 'बडी' म्हणजे जोडीदार पद्धतीने चालतो. त्याच्याकडचे तुकडे एक, दोन, चार, आठ अशा दुपटीने वाढणाऱ्या पानांचे असतात. लहान तुकडा हवा असेल तर मोठ्याचे दोन सारखे भाग करायचे, आणि दोन्ही जोडीदार मोकळे झाले की ते पुन्हा जोडायचे. ही कल्पना १९६० च्या दशकातली. डोनाल्ड नूथ यांनी तिचे पहिले श्रेय हॅरी मार्कोविट्झ यांना दिले आहे. गुंतवणूक कुठे आणि किती विभागावी याचा सिद्धांत मांडल्याबद्दल १९९० मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे ते हेच मार्कोविट्झ. हस्तांतर करताना तुकडे शक्य तितके मोठे द्यायचे असा दंडक आहे; कारण एकेक पान सुटे देऊन ते पुन्हा जोडत बसण्यात वेळ जातो. अनेक टेराबाइट मेमरीच्या महाकाय यंत्रांवर हे काम एवढे लांबे, की २०१५ पासून अशा यंत्रांवर बऱ्याचशा पानांच्या नोंदी मांडणे थोडे पुढे ढकलून अनेक प्रोसेसरमध्ये वाटून देण्याची सोय करण्यात आली.

गमतीचा भाग असा, की काम उरकल्यावर मेमब्लॉकलाही निरोप मिळतो. इंटेल घराण्याच्या यंत्रांवर त्याच्या याद्या आणि त्याची स्वतःची आज्ञावली या दोहोंची जागा परत घेतली जाते. काही इतर जातींच्या यंत्रांवर मात्र त्या याद्या पुढेही लागतात, म्हणून तेथे त्या राखल्या जातात.

कर्नेलच्या आधी यंत्राचा ताबा ज्याच्याकडे असतो, त्या फर्मवेअरची कथा निराळी आहे. 'यूईएफआय' या प्रमाणकानुसार, कार्यप्रणालीने ताबा घेतल्याचे कळवले की फर्मवेअरने आरंभीच्या सेवांसाठी वापरलेली मेमरी कार्यप्रणालीला मोकळी मिळते. कागदावर हे स्पष्ट आहे. प्रत्यक्षात काही उत्पादकांचे फर्मवेअर ताबा सोडल्यानंतरही, नव्या पत्त्यांची मांडणी कळवण्याच्या वेळी, त्याच जुन्या जागेत डोकावत असल्याचे आढळले. ती जागा तोवर दुसऱ्याला दिलेली असेल तर यंत्र सुरू होता होताच कोलमडते. म्हणून २०११ पासून लिनक्स ती मेमरी लगेच वापरात आणत नाही; मांडणी कळवून होईपर्यंत बाजूला ठेवतो आणि मगच मोकळी करतो. घर रिकामे केल्याचे सांगूनही किल्लीची एक प्रत खिशात ठेवणाऱ्या भाडेकरूशी वागावे, तसाच हा प्रकार. प्रमाणकावर बोट ठेवून भांडण्यापेक्षा हा मार्ग शहाणपणाचा होता.

मेमरी परत करण्यातली खरी जोखीम यातून ध्यानात येते. जागा मोकळी करणे सोपे आहे. तिचा जुना पत्ता कोणीही जपून ठेवलेला नाही याची खात्री करणे कठीण. समजा, एखाद्या फंक्शनवर चुकून 'इनिट' ही खूण पडली आणि तासाभराने कर्नेलच्या दुसऱ्या भागाने त्याला हाक मारली. तोवर त्या पत्त्यावर कदाचित एखाद्या छायाचित्राचे ठिपके आलेले असतील. त्यांनाच आज्ञा समजून प्रोसेसर चालू लागला, तर पुढे काय घडेल ते सांगता येत नाही. दोष एकीकडे आणि पडझड भलतीकडेच, त्यामुळे असा दोष शोधताना जाणकारही जेरीस येतात.

यासाठी काही पहारे बसवलेले आहेत. कर्नेल बांधतानाच एक तपासनीस प्रोग्रॅम सगळे दुवे चाळतो आणि कायम राहणारा एखादा भाग तात्पुरत्या भागाकडे बोट दाखवत असेल तर इशारा देतो. जागा परत करताना ती षोडशमान पद्धतीतील 'सीसी' या आकड्याने भरून टाकण्याचीही रीत आहे. इंटेल घराण्याच्या प्रोसेसरसाठी या आकड्याचा अर्थ 'येथे थांब' असा होतो. वाट चुकलेली हाक त्या जागी पोहोचली तर ती तिथेच अडते. अर्थात ते पान दुसऱ्याला मिळेपर्यंतच हा पहारा टिकतो. आता त्याच्या जोडीला त्या पानांवरून आज्ञा चालवण्याची परवानगीही काढून घेतली जाते.

मोकळ्या केलेल्या जागेचा जुना पत्ता केवढा महाग पडू शकतो, हे २००८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दिसून आले. लिनक्सची २.६.२७ ही आवृत्ती तेव्हा चाचणीत होती. इंटेलच्या काही नेटवर्क कार्डांची, 'ई१०००ई' हा ड्रायव्हर ज्यांना लागतो त्यांची, अंतर्गत स्थायी मेमरी अचानक बिघडू लागली. यंत्र पुन्हा सुरू करूनही उपयोग होत नसे. कार्डाची ओळख आणि जुळणी ज्या जागी साठवलेली असते तीच पुसली गेल्यामुळे कार्ड निकामी होई. सॉफ्टवेअरच्या चाचणीत हार्डवेअरच गमवावे लागणे ही परीक्षकांना हादरवणारी गोष्ट होती. संशय साहजिकच ड्रायव्हरवर गेला. उबुंटूच्या त्या वेळच्या चाचणी आवृत्तीत तो ड्रायव्हर बंदच ठेवण्यात आला.

खरा दोषी निघाला तो भलताच, 'एफट्रेस' हा फंक्शनांचा माग काढणारा नवा भाग. कोणतेही फंक्शन पहिल्यांदा चालले की एफट्रेस त्याच्यातील एका विशिष्ट जागेचा पत्ता टिपून ठेवी आणि नंतर तेथील आज्ञा बदलून तिच्या जागी निष्क्रिय आज्ञा बसवी. मात्र मॉड्यूल, म्हणजे कर्नेलला चालू असताना जोडता आणि काढता येणारा भाग, उतरवल्यावर त्याचे टिपलेले पत्ते एफट्रेसच्या वहीतून खोडले जात नव्हते. बत्तीस बिटच्या यंत्रांवर मॉड्यूल आणि उपकरणांची मेमरी या दोहोंना पत्त्यांचा एकच इलाखा वाटून घ्यावा लागतो. मॉड्यूलने सोडलेल्या पत्त्यांवर नेटवर्क कार्डाची स्थायी मेमरी येऊन बसली आणि एफट्रेस जुन्या वहीबरहुकूम तेथे दुरुस्ती करायला गेला.

त्यातही एक अखेरची काळजी घेतलेली होती. 'जुनी आज्ञा तेथे खरोखर असेल तरच बदल कर' अशा अर्थाची प्रोसेसरची तुलना-अदलाबदल आज्ञा एफट्रेस वापरत असे. साध्या मेमरीत तिने बहुधा निभावले असते. परंतु उपकरणाच्या मेमरीवर या आज्ञेचा परिणाम काय होईल याची शाश्वती नसते. तुलना जुळली नाही तरी काहीतरी लिहिले जाण्याचीच शक्यता अधिक. सावधगिरीसाठी योजलेली आज्ञाच घाव घालणारी ठरली. ऑक्टोबर २००८ मध्ये २.६.२७ बाहेर पडल्यावर लागलीच आलेल्या २.६.२७.१ या दुरुस्तीत एफट्रेसची ही पद्धत बंद करण्यात आली. पुढच्या २.६.२८ मध्ये पत्ते कर्नेल बांधतानाच निश्चित करण्याची नवी रीत आली आणि अपेक्षेबाहेरचे काही आढळल्यास माग काढणेच थांबवण्याचा नियम झाला.

हा दोष मॉड्यूलच्या मेमरीतला असला, तरी त्याची जात आरंभीच्या मेमरीचीच. किती वाचवायचे आणि त्यासाठी किती धोका पत्करायचा, हा प्रश्न लिनक्सच्या कर्त्यांपुढे त्यानंतरही आला. 'इनिट' या खुणेची काही भावंडे होती. उपकरण चालू यंत्राला जोडण्याची सोय नसेल तर अमुक फंक्शन टाकून द्यावे, प्रोसेसर मध्येच वाढवण्याची सोय नसेल तर तमुक टाकून द्यावे, अशा अटी त्यांना जोडलेल्या असत. कोणती खूण कोठे लावावी याचा घोळ अनुभवी मंडळींचाही होई, आणि बदल्यात वाचणारी मेमरी अगदीच किरकोळ. २०१२-१३ या काळात या भावंडांना कर्नेलमधून हद्दपार करण्यात आले. काही किलोबाइट वाया गेले, पण चुकांचे एक कायमचे आगर मिटले. बिनशर्त असलेली मूळची 'इनिट' ही खूण मात्र आजही लावली जाते, आणि जंत्रीतली ती ओळ, शब्दांत थोडा फेरफार होऊन, अजूनही उमटते.